परतीच्या पावसात भंडारदरा: घरच्यांना घेऊन तळ्याकाठी चालायला जाताना

जून-जुलैचा पाऊस एकदा लागला की लागला. दिवसभर कोसळणार हे माहीत असतं, त्यामुळे माणूस तयारीनेच बाहेर पडतो. परतीच्या पावसाचं तसं नसतं. सकाळी निळंशार आकाश, अकराला डोकं तापवणारं ऊन, दोननंतर पूर्वेला काळे ढग, चारला विजांसकट धो-धो आणि सहाला पुन्हा लख्ख, असा एकाच दिवसात सगळा खेळ होतो. म्हणून पुष्कळ घरांत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ सहलीसाठी बादच धरतात आणि थेट दिवाळीनंतरचा विचार करतात. मला हे पटत नाही. भंडारदऱ्याचं तळं याच दिवसांत काठोकाठ असतं, डोंगर अजून हिरवे असतात, पठारांवर सोनकी पिवळीधमक असते आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारची ती भयंकर गर्दीही ओसरलेली असते. हवा लहरी आहे हे खरं, पण तिच्या लहरींनाही वेळापत्रक असतं. ते ओळखून दिवस आखला तर आजी-आजोबांपासून पाच वर्षांच्या मुलापर्यंत सगळ्यांना इथे छान चालता येतं.

कधी जायचं

भारतीय हवामान विभागाच्या सरासरी तारखांप्रमाणे मोसमी वारे १७ सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून माघारी फिरायला लागतात आणि मुंबईतून साधारण ८ ऑक्टोबरला निघतात. या तारखा सरासरीच्या आहेत, एखाद्या वर्षी मुक्काम आठ-पंधरा दिवस सहज लांबतो. जुनी माणसं हेच नक्षत्रांवरून सांगतात. हस्त साधारण २७ सप्टेंबरच्या सुमाराला लागतो, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असतो आणि त्याचा गडगडाट ठरलेला.

फुलं बघायची असतील तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला. पाऊस चुकण्याची शक्यता वाढवायची असेल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. तेव्हा फुलं विरळ होतात, गवत पिवळं पडायला लागतं, पण दृष्टी लांबवर जाते आणि कळसूबाईचं शिखर बराच वेळ मोकळं दिसतं. घरात खूप लहान किंवा खूप वयस्क माणसं असतील तर मी दुसरा पंधरवडा निवडेन. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम.

अंदाज कसा वाचायचा

भंडारदरा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आहे. हा जिल्हा पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्याला टेकतो आणि पूर्वेला पार दुष्काळी पट्ट्यात जातो. तळ्याच्या पश्चिमेला माथ्यावर असलेल्या घाटघरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून त्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. अशा जिल्ह्याचा एकच सरसकट अंदाज वाचून तळ्यावरच्या हवेबद्दल फारसं काही कळत नाही. त्यामुळे जिल्ह्याच्या अंदाजासोबत नाशिकच्या घाटमाथ्याचा अंदाजही बघा, कारण इगतपुरी-घोटीचा पट्टा लागूनच आहे.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान विभागाचा इशारा पाहायचा. हिरवा असेल तर बिनधास्त निघा. पिवळा म्हणजे सावध राहा. या दिवसांत पिवळा बऱ्याचदा दुपारच्या मेघगर्जनेसाठीच असतो, तेवढ्यावरून बेत मोडायची गरज नाही, दुपार छपराखाली काढायची. नारिंगी असेल तर तळ्याकाठचं चालणं सोडून फक्त मुक्कामाला जाता येईल का याचा विचार करा. लाल असेल तर घरीच थांबा, आगाऊ भरलेले पैसे गेले तरी चालतील.

प्रत्यक्ष तिथे पोचल्यावर दिवसाच्या अंदाजापेक्षा पुढच्या दोन-तीन तासांचा अंदाज जास्त उपयोगी पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप आसपास कुठे विजा पडताहेत ते दाखवतं. ते घरूनच फोनमध्ये घालून घ्या. घाटघर, साम्रद, रतनवाडीकडे नेटवर्क भरवशाचं नसतं, त्यामुळे नकाशाही आधीच उतरवून ठेवा आणि शेंडी या तळ्याजवळच्या मुक्कामाच्या गावातून निघण्यापूर्वी एकदा ॲप बघा.

आणि मान वर करून आकाश बघत राहा. पावसाळ्यात ढग पश्चिमेकडून, कोकणातून चढून येतात. परतीचे ढग बहुधा पूर्वेच्या अंगाने, देशावरून येतात. जमिनीत अजून ओल आहे, वर ऊन कडक आहे, त्यामुळे दुपारपर्यंत तापलेली दमट हवा सरळ वर चढते आणि फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे ढग उभे राहतात. ढगाचा माथा पसरट व्हायला लागला, बुड काळं पडलं आणि अंगावर अचानक गार वारा आला, की परत फिरायचं. पाऊस सुरू होईपर्यंत थांबायचं नाही.

दिवस पावसाच्या घड्याळाने लावा

सगळ्या लेखातली कामाची गोष्ट हीच आहे. चालणं सकाळी, दुपार छपराखाली, संध्याकाळ मिळाली तर घ्यायची.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य साडेसहाच्या आत-बाहेर उगवतो. चहा-बिस्किटं किंवा दूध देऊन सातला बाहेर पडा, नाश्ता सोबत घ्या किंवा वाटेतल्या गावात सांगून ठेवा. अकरापर्यंत मुख्य चालणं संपलेलं असावं. याचं एक कारण पाऊस, दुसरं ऊन. ऑक्टोबरचं अकरा-बाराचं ऊन मुलांना पावसापेक्षा जास्त थकवतं आणि बरोबर आलेल्या आजोबांना चक्कर आणू शकतं. एकला जेवण आणि दोननंतर मुक्कामाच्या जागी. चार-साडेचारला सर येऊन गेली की हवा धुऊन निघते. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर पुरा अर्धा तास थांबा आणि मग छोटी फेरी मारा. सूर्य महिन्याच्या सुरुवातीला सव्वासहाच्या सुमाराला मावळतो, महिनाअखेर सहालाच. डोंगरांमुळे अंधार त्याहून लवकर दाटतो. या भागात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे लहान मुलांना घेऊन दिवेलागणीनंतर वाटांवर फिरायचं नाही.

दोन मुक्काम असतील तर पहिल्या दिवशी दुपारपर्यंत शेंडीत पोचायचं, संध्याकाळी धरणाच्या बाजूला पाय मोकळे करायचे. दुसऱ्या सकाळी रतनवाडी. तिसऱ्या सकाळी घाटघर आणि तिथून परतीची वाट. एकच मुक्काम असेल तर घाटघर सोडा, रतनवाडी सोडू नका.

पोचायचं कसं

मुंबईहून कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी आणि घोटीहून उजवीकडे बारीमार्गे शेंडी. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर. रेल्वेने येणाऱ्यांना इगतपुरी सोयीचं, तिथून गाडी ठरवावी लागते. तळ्याभोवतीच्या गावांत सार्वजनिक वाहनं अगदी मोजकी आहेत. शेंडी हे मुक्कामाचं गाव. एमटीडीसीचं निवासस्थान तळ्याला लागून आहे, बाकी घरगुती राहण्याच्या सोयी पुष्कळ.

आता तंबूंबद्दल. तळ्याकाठचे तंबू हल्ली फार लोकप्रिय झालेत आणि डिसेंबरात ते छानच. परतीच्या पावसात, लहान मुलांसोबत, मी पक्कं छप्पर घेईन. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही. तंबूच हवा असेल तर तो ओढ्याच्या पात्रात, एकट्या झाडाखाली किंवा पाण्याच्या अगदी काठावर ठोकलेला नाही ना, हे पैसे देण्याआधी स्वतः बघा आणि रात्री पळायची वेळ आली तर जवळ पक्की खोली आहे का, हे विचारा.

कुठे चालायचं

_धरणाच्या पायथ्याशी._ विल्सन धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये संपलं. दगडी बांधणीचं, सुमारे ८२ मीटर उंच. त्याच्यामागे अडवलेल्या प्रवरेच्या पाण्याला आर्थर लेक म्हणतात. खालच्या बागेत सावली आहे, बसायला जागा आहे, ज्येष्ठांना झेपेल अशी सपाटी आहे. धरणातून पाणी सुटलं असेल तर अम्ब्रेला धबधबा गोल छत्रीसारखा उघडतो. पोचल्यावर लगेच मुलांना मोकळं सोडायला ही जागा चांगली. धरणाच्या भिंतीवर जाण्यासाठी रखवालदाराशी हुज्जत घालू नका.

_रतनवाडी._ शेंडीहून मुतखेल, कोलटेंभेमार्गे सुमारे २० किलोमीटर, पण रस्त्याची अवस्था बघता पाऊण-एक तास धरा. मुतखेलच्या पुढे तळं उजव्या हाताला दिसत राहतं. गाडी रस्त्यात अडथळा होणार नाही अशी लावून कोलटेंभ्याच्या आसपास दोनेक किलोमीटर सरळ डांबरी रस्त्यानेच चाला. अनेकांना डांबरी रस्त्यावर चालणं कमीपणाचं वाटतं. या दिवसांत मात्र तीच शहाणपणाची वाट, कारण चिखल नाही, गवतातलं जनावर पायाखाली येत नाही, आजीला काठी टेकता येते आणि सर आलीच तर गाडी जवळ असते. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला पाणी आणि समोर रतनगड. याहून देखणी वाट शोधायला रानात शिरायची गरज नाही.

रतनवाडीतलं अमृतेश्वर मंदिर शिलाहारकालीन आहे. बाहेरून एक फेरी मारून घाईत निघू नका. शिखरावरचं कोरीव काम मुलांना दाखवा, आकृत्यांत काय काय सापडतं ते शोधायला लावा. जवळच पुष्करणी आहे, तिच्या कोनाड्यांत मूर्ती आहेत, पण पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तिथे मुलाचा हात सोडायचा नाही. मंदिरापासून रतनगडाकडे जाणारी वाट प्रवरेच्या सुरुवातीच्या ओढ्याच्या सोबतीने जाते. ओढा ओलांडायची पहिली वेळ येईल तिथपर्यंत जा आणि मागे फिरा. डोंगरात वर सर कोसळली तर खाली ऊन असतानाही हा ओढा अर्ध्या तासात चढू शकतो आणि पलीकडे गेलेली माणसं पलीकडेच अडकतात.

_घाटघरचा कोकणकडा._ गाडीतून उतरून थोडंच चालायचं आहे, म्हणून सगळ्यांना जमतं. भल्या पहाटे गेलात तर बहुतेक वेळा धुक्याशिवाय काही दिसत नाही. नऊच्या सुमाराला पोचा आणि तासभर थांबायची तयारी ठेवा. धुकं फाटलं की खाली कोकणाचा सगळा पट उलगडतो. वारा जोरात असतो, छत्री उघडू नका, कठड्याच्या आतच राहा. जवळच्या जलविद्युत प्रकल्पात वरच्या आणि खालच्या अशा दोन जलाशयांमध्ये पाणी खेळवून २५० मेगावॉट वीज करतात. विजेची मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं. शाळकरी मुलांना हे समजावून सांगा, आवडतं त्यांना.

साम्रदजवळच्या सांदण दरीत या दिवसांत जायचं नाही. अरुंद घळ आहे, पाणी आलं तर बाजूला व्हायला जागा नाही. स्थानिक वाटाड्या ‘नेतो’ म्हणाला तरी नाही.

पाण्याशी वागणूक

हे तळं धरणाचं आहे. त्याला उथळ काठ नाही. बुडालेली दरी आहे ती, दोन पावलांत कमरेवरून डोक्यावर पाणी जातं. पाणी ओसरायला लागलं की काठाला गाळ उघडा पडतो, वरून सुकलेला दिसतो आणि आत पाय रुततो. म्हणून पाण्यात पाय सोडून बसणं, सेल्फीसाठी खडकावर उतरणं, पोहता येतं म्हणून उतरणं, हे सगळं वर्ज्य. मुलांना दगड भिरकवायचे असतील तर मोठ्या माणसाने पाणी आणि मूल यांच्या मधे उभं राहायचं.

रंधा धबधबा शेंडीपासून सुमारे १० किलोमीटरवर. धरणातून सोडलेलं पाणी प्रवरेतून इथे येतं आणि पुढे निळवंडे धरणात जातं. तळं भरलेलं असल्यामुळे या दिवसांत विसर्ग केव्हाही वाढू शकतो, वरून पाऊस पडत नसला तरी. नदीपात्रातल्या खडकांवर उतरू नका, वरच्या जागेवरूनच बघा. नौकेने तळ्यात जायचं असेल तर प्रत्येकाला, मुलांनाही मापाचं, जीवरक्षक जॅकेट मिळालं तरच बसा आणि दुपारी बारानंतर नौका नको.

वीज

चमक दिसल्यावर आकडे मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज १० किलोमीटरच्या टप्प्यात आहे, ताबडतोब आसरा घ्या. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली मोटार हा खरा आसरा. चहाची टपरी, ताडपत्रीचा मांडव, तंबू, एकटं झाड हे कामाचे नाहीत. उघड्यावर सापडलातच तर पाण्यापासून आणि उंचवट्यापासून दूर या, एकमेकांत अंतर ठेवा, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा. आडवं पडू नका. हे घरून निघण्याआधी मुलांना एकदा करून दाखवा. ऐनवेळी भेदरलेल्या मुलाला नवीन काही शिकवता येत नाही.

पिशवीत काय

पावसाची आणि उन्हाची, दोन्ही तयारी लागते. मुलांना रेनकोट, मोठ्यांना छत्री, कारण तीच उन्हातही चालते. पाठपिशवीत आधी जाड प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात प्रत्येकाचा एक कोरडा जोड, मोजे, पंचा. तळव्याला खाचा असलेले बूट हवेत. चप्पल शेवाळावर सरकते. जुनी वर्तमानपत्रं जरूर न्या, रात्री ओल्या बुटांत कोंबली की सकाळपर्यंत बरेच सुकतात. पाणी माणशी दीड लिटर, ओआरएसची पाकिटं, गूळ-शेंगदाणे, बसायला जाड चटई, विजेरी, नेहमीची औषधं, रोख पैसे. गाण्यांचा स्पीकर घरी ठेवा. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर प्रवेश शुल्क घेतात, कचरा परत न्यायचा असतो आणि मद्याला बंदी आहे.

चालताना मुलांचं मन लावायचं कसं

अंतर सांगून मुलं चालत नाहीत, शोधायला काही असलं की चालतात. तेरड्याची पिकलेली बोंडं हात लावताच फुटून बी उडवतात, त्यात अर्धा तास सहज जातो. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, कवल्याचा पिवळा असे रंग मोजा, तोडू नका. खाचरांवर चतुरांचे थवे तरंगत असतात. त्यांतले काही परतणाऱ्या मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन मालदीवमार्गे थेट आफ्रिकेपर्यंत जातात. एवढासा कीटक समुद्र ओलांडतो हे ऐकल्यावर मुलं त्याला पकडायचं थांबवतात. पाण्याकाठी शेपटी हलवणारा धोबी पक्षी उत्तरेकडून नुकताच हिवाळ्यासाठी उतरलेला असतो.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला जाऊन-येऊन तीन किलोमीटर पुरे. वाट सुरू करतानाच परत फिरायची वेळ ठरवा आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगा. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा.

खाचरांच्या बांधावरून जाताना विचारून जा. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात याच दिवसांत पिकायला येतं आणि अवेळी सर आली तर आडवं होतं. आपल्याला जी सर गंमत वाटते तिच्याने शेतकऱ्याचं वर्षाचं धान्य भिजतं. आडव्या पडलेल्या भातात उभं राहून फोटो काढू नका. जेवण शक्यतो गावातल्या घरीच सांगा: नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, गावचा तांदूळ. राहीबाई पोपेरे यांच्या बियाण्यांच्या कामामुळे नावाजलेलं कोंभाळणे याच अकोले तालुक्यातलं. जिरवेल, काळभात, रायभोग ही इथली जुनी भातं कुणाकडे असली तर दोन किलो विकत घ्या. आदल्या दिवशी सांगितलं आणि माणसं नेमकी मोजून सांगितली तर घरच्या बाईची धावपळ होत नाही.

पावसाने कोंडलेली दुपार

ही दुपार वाया जाते असं मानू नका. मोबाइल बाजूला ठेवून चार पिढ्या एका पडवीत बसायची संधी शहरात मिळत नाही. हस्त नक्षत्रातच आला असाल तर भोंडलाच करा. पाटीवर किंवा पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, आजीला आठवतील तेवढी गाणी म्हणायची आणि डब्यातली खिरापत ओळखायला लावायची. खिरापत घरून झाकून आणलेली असावी आणि ती एकाच माणसाला माहीत असावी. मुलगे, बाप, आजोबा सगळ्यांनी फेरात यावं, फक्त मुलींनीच खेळायचं असं कुठे आहे? कोजागिरीच्या रात्री तिथे असाल तर आटवायचं दूध गावातूनच मिळतं, मसाला तेवढा घरून न्या. ढग आले तरी दूध प्यायचं, चंद्र सरीनंतर बहुधा दिसतोच.

साप, ताप आणि परतीचा रस्ता

पावसाळा सरताना साप उन्हाला येतात. गवतात पाय टाकण्यापूर्वी काठी आपटा, बूट घालताना झटका, दगडाच्या फटीत हात घालू नका. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यांतलं काही करू नका. चावलेला अवयव न हलवता माणसाला निजवा आणि १०८ वर फोन करा किंवा सरळ गाडीत घालून राजूरच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघा.

पायाला जखम असेल तर खाचराच्या चिखलात उतरू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. गवतात थेट न बसता चटईवर बसा. गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस नावाचा ताप होतो आणि तो याच महिन्यांत वाढतो. संध्याकाळी मुलांना गरम पाण्याने आंघोळ घालून काखा, जांघा, कानामागची जागा तपासा.

परतताना बारी ते घोटी आणि कसारा घाट हे टप्पे उजेडात ओलांडा. जेवून दोनला निघू म्हटलं तर नेमकी घाटातच सर गाठते, म्हणून शेवटच्या दिवशी सकाळी घाटघर करून बाराच्या आत शेंडी सोडा. घरी आल्यावर ओले बूट, चटई, पिशव्या त्याच दिवशी उन्हात टाका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुणालाही ताप आला, अंगावर काळी खपली असलेली छोटी जखम दिसली, तर डॉक्टरांना आपण रानात, गवतात जाऊन आलो होतो हे आपणहून सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा, तपासणी कोणती करायची हे त्यावरूनच ठरतं.